कर्नलमधील नाजूक फंक्शन्स ट्रेसरपासून कशी जपावीत

महापे एमआयडीसीतील एका छोट्या कंपनीत आम्ही वीजमापनाच्या नोंदी ठेवणारे बोर्ड तयार करीत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. बोर्डवर ३२-बिट आर्म प्रोसेसर आणि ४.९ मालिकेचा लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होता, आणि त्यातील घड्याळाचा ड्रायव्हर आमच्याच हातचा होता. एका इंटरप्टला (हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेला) उशीर का होतो हे पाहण्यासाठी मी सीरियल कन्सोलवर फंक्शन ग्राफ ट्रेसर, म्हणजे कोणते फंक्शन केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले हे नोंदवणारे कर्नलमधील साधन, चालू करण्याची आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबले. कन्सोल तिथेच थिजला. त्रुटीचा संदेश आला नाही, पुढचा प्रॉम्प्टही आला नाही. साठ सेकंदांनी वॉचडॉगने बोर्ड पुन्हा सुरू केला आणि बूटलोडरच्या ओळी दिसू लागल्या. तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा हेच घडले.

कारण सापडायला दोन दिवस गेले. ग्राफ ट्रेसर प्रत्येक फंक्शनच्या आरंभी वेळेची नोंद करतो. वेळ कळावी म्हणून तो शेड_क्लॉक या कर्नलच्या वेळ देणाऱ्या फंक्शनकडे जातो, शेड_क्लॉक आमच्या ड्रायव्हरमधील वाचन-फंक्शनला बोलावते, आणि त्या वाचन-फंक्शनच्या तोंडाशीही ट्रेसर बसलेलाच असल्यामुळे तो पुन्हा वेळ विचारायला निघतो. या चक्रात ८ किलोबाइटचा कर्नल स्टॅक (फंक्शन्सचे परतीचे पत्ते ठेवण्याची जागा) क्षणार्धात भरून वाहत होता. मी वाचन-फंक्शनवर नोट्रेस ही, येथे ट्रेसर बसवू नये असे सांगणारी, खूण केली, तरीही बोर्ड अडकलाच; कारण ६४-बिट आकडा दोन ३२-बिट रजिस्टरांतून जुळवून आणणारे मदतनीस फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये होते आणि त्याच्यावर कोणतीही खूण नव्हती. तेथे दुसरी खूण केल्यावर ट्रेसर सुरळीत चालला. पुढे जे लिहीत आहे त्याचा गाभा या दुसऱ्या खुणेत आहे: खुणेची पोहोच कुठवर असते हे न पाहता ती केली, तर फंक्शन सुरक्षित आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात ते उघडेच असते.

येथे सर्व ओळखनामे देवनागरीत लिहिली आहेत. प्रोग्राममध्ये ती रोमन लिपीत लिहावयाची असतात. उदाहरणे लिनक्स कर्नलमधील आहेत.

ट्रेसर नेमके काय बदलतो

एफट्रेस हा कर्नलमधला फंक्शन ट्रेसर २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत आला. स्टीव्हन रोस्टेड यांनी तो उभा केला. त्याची युक्ती अशी की कम्पायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक कॉल घालून ठेवतो, बूट होताना कर्नल त्या सर्व जागी काहीही न करणाऱ्या सूचना भरतो आणि ट्रेसिंग चालू केल्यावर त्याच जागी पुन्हा कॉल बसवतो. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी धाटणीच्या ६४-बिट) प्रोसेसरवर ही जागा ५ बाइटांची असते. म्हणजे एफट्रेसचा संबंध फंक्शनच्या उंबरठ्याशी असतो. ग्राफ ट्रेसर याच्या पुढे एक पाऊल टाकतो: तो स्टॅकवरील किंवा रजिस्टरमधील परतीचा पत्ता बदलून स्वतःचा लावतो, म्हणजे फंक्शन संपल्याचेही त्याला कळते. बीपीएफचे, म्हणजे कर्नलच्या आत चालवता येणारे, एफएंट्री प्रकारचे छोटे प्रोग्राम आणि कर्नल चालू असतानाच दुरुस्ती करणारे लाइव्हपॅच हेही एफट्रेसच्या याच जागेचा आधार घेतात.

केप्रोब हे ट्रेसिंगचे दुसरे साधन त्याच्याही आधीचे, २००४ सालच्या २.६.९ आवृत्तीपासूनचे आहे आणि त्याची रीत वेगळी आहे. ते फंक्शनमधील जवळजवळ कोणत्याही सूचनेवर बसू शकते. एक्स८६ वर त्या सूचनेचा पहिला बाइट काढून तेथे इंट३ ही एका बाइटची सूचना लिहिली जाते. प्रोसेसर तेथे पोहोचला की अपवाद उद्भवतो, केप्रोबचा हँडलर चालतो, मूळ सूचना बाजूला पार पाडली जाते आणि मग पुढचा प्रवास सुरू होतो. आपण उंबरठ्यावर पहारा बसवला तरी केप्रोब अडत नाही, कारण ते खिडकीतून मधल्या खोलीत उतरू शकते. तिसरा प्रकार काटेकोर अर्थाने ट्रेसिंगचा नव्हे, पण धोका तोच आहे: केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारे), केसीसॅन (एकाच माहितीला एकाच वेळी हात लागल्यास पकडणारे) आणि केकोव्ह (कोणता कोड चालला हे नोंदवणारे) या साधनांसाठी कम्पायलर मेमरीच्या वाचन-लेखनाभोवती किंवा प्रत्येक फाट्यावर स्वतःचे कॉल पेरतो.

हे तीन मार्ग वेगळे आहेत ही गोष्ट मनात पक्की असावी, कारण त्यांच्यावरील उपायही वेगळे आहेत.

नाजूक काय असते

ठाण्याहून वाशीकडे किंवा पनवेलकडे निघालेली लोकल फलाट सोडल्यावर सांधे ओलांडत आपल्या रुळावर येते. सांध्यावर असताना तिचे पुढचे डबे नव्या रुळावर आणि मागचे जुन्या रुळावर असतात. सरळ रुळावर कोणी साखळी ओढली तर ती एक गाडी रखडते. सांध्यावर ओढली तर दोन्ही मार्ग अडतात. कर्नलमध्येही असे सांध्यावरचे क्षण असतात. एका स्थितीतून निघालेला प्रोसेसर दुसऱ्या स्थितीत अजून पूर्ण पोहोचलेला नसतो, आणि नेमके त्या वेळी थांबवून त्याच्याकडून दुसरे काम करून घेणे धोक्याचे ठरते. म्हणून हे फंक्शन महत्त्वाचे आहे का, असे विचारण्यात अर्थ नाही. ते चालते तेव्हा प्रोसेसर कोणत्या अवस्थेत असतो, हे विचारावे.

असा पहिला क्षण आरसीयूचा आहे. आरसीयू ही वापरातून गेलेली माहिती केव्हा मोकळी करावी हे ठरवणारी व्यवस्था आहे. निष्क्रिय प्रोसेसरकडे, आणि टिक (घड्याळाचा ठरावीक काळाने येणारा इंटरप्ट) बंद ठेवलेल्या रचनेत वापरकर्त्याचा प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोसेसरकडे, तिचे लक्ष नसते. असा प्रोसेसर इंटरप्टमुळे कर्नलमध्ये शिरतो तेव्हा आरसीयूला जागे करण्याआधीच्या काही सूचना चालाव्याच लागतात. त्या सूचनांवर ट्रेसर बसला आणि त्याच्या हँडलरने आरसीयूच्या भरवशावर एखादी यादी वाचली, तर तीच यादी दुसरा प्रोसेसर त्याच वेळी मोकळी करीत असण्याची शक्यता राहते. असा दोष हजार वेळा दिसत नाही, आणि एकदा दिसतो तेव्हा भलत्याच ठिकाणी दिसतो.

दुसरा क्षण अजून जतन न केलेल्या माहितीचा आहे. एक्स८६ वर पेज फॉल्ट झाला, म्हणजे मागितलेला पत्ता मेमरीत तयार नसला, की ज्या पत्त्यामुळे तो झाला तो पत्ता सीआर२ या रजिस्टरमध्ये येतो. कर्नलने तो वाचून घेण्यापूर्वी ट्रेसिंगचे काम सुरू झाले आणि त्या कामातच दुसरा पेज फॉल्ट उद्भवला, तर सीआर२ मध्ये नवा पत्ता येतो आणि मूळ पत्ता कायमचा जातो. मग कर्नल भलत्याच पत्त्याची सोय लावू पाहतो. ही भीती कल्पनेतली नाही. असा दोष प्रत्यक्षात सापडला होता आणि २०१९ मध्ये पीटर झिल्स्ट्रा यांनी सीआर२ चे वाचन प्रवेशाच्या अगदी आरंभी आणून तो दूर केला.

तिसरा एनएमआयचा, म्हणजे नेहमीच्या रीतीने रोखता न येणाऱ्या इंटरप्टचा. एक्स८६ वर एनएमआय चालू असताना दुसरा एनएमआय रोखून धरला जातो, पण आयरेट ही अपवादातून परतण्याची सूचना पार पडताच ही रोख उठते. एनएमआयच्या हँडलरमध्ये कोणी केप्रोब लावले तर इंट३ च्या अपवादातून परतताना आयरेट चालते आणि पहिला एनएमआय संपण्यापूर्वीच दुसरा आत येऊ शकतो. २०१२ पासून कर्नलने अशा गुंतलेल्या एनएमआयसाठी स्टॅकच्या प्रती ठेवण्याची सोय केली आहे. तरीही त्या सोयीची घडी बसविणाऱ्या सूचनांवरच प्रोब लावला तर ती सोय निरुपयोगी ठरते.

चौथा क्षण आमच्या बोर्डवर आला तो, म्हणजे ट्रेसरला स्वतःच्या कामासाठी लागणाऱ्या फंक्शनचा. घड्याळ, प्रीएम्प्शनची (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला पाळी देण्याची) मोजणी, इंट३ चा हँडलर ही त्याची ठळक उदाहरणे होत. याखेरीज व्हीडीएसओमधील (कर्नल वापरकर्त्याच्या प्रोग्रामला जोडून देतो त्या छोट्या कोडमधील) फंक्शन्स वापरकर्त्याच्या पत्त्यांवर चालतात आणि बूटच्या अगदी आरंभीची काही फंक्शन्स कर्नलची मेमरी मांडली जाण्यापूर्वी चालतात. तेथे ट्रेसरचा पत्ताच लागू पडत नाही.

खुणा आणि त्यांची पोहोच

सर्वांत साधी खूण नोट्रेस आहे. फंक्शनच्या व्याख्येत परताव्याच्या प्रकारानंतर हा शब्द लिहिला की कम्पायलर त्या फंक्शनच्या आरंभी एफट्रेसचा कॉल घालत नाही, म्हणून ते फंक्शन एफट्रेसच्या यादीतच येत नाही. शेड_क्लॉकसाठी नोंदवले जाणारे वाचन-फंक्शन हे या खुणेचे आदर्श स्थान आहे. कर्नलमधील असंख्य घड्याळ-ड्रायव्हरांत ती दिसते. नव्याने लिहिणाऱ्याने शेड_क्लॉक_रजिस्टर या कॉलला जे फंक्शन दिले आहे ते आधी उघडावे आणि ज्या ज्या फंक्शनला ते बोलावते त्या प्रत्येकाच्या व्याख्येपर्यंत जावे. नोट्रेस वारशाने मिळत नाही. ज्याच्यावर लिहिली त्याच्यापुरतीच ती असते. वाचन-फंक्शनातून रेगमॅपसारख्या, रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या सामाईक थरातील फंक्शन बोलावले असेल तर तो थर नोट्रेस करीत सुटणे हा उपाय नाही. रजिस्टरचा पत्ता आधीच मिळवून ठेवून तो थेट वाचावा आणि मार्गच आखूड करावा. प्रीएम्प्शन बंद-चालू करावे लागत असेल तर त्यांची नोट्रेस रूपे कर्नलमध्ये तयार आहेत, ती घ्यावीत.

इनलाइनबद्दल, म्हणजे फंक्शनचा मजकूर बोलावणाऱ्याच्या आतच विरघळवण्याबद्दल, थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे जाणते लोकही चुकतात. कर्नलमध्ये इनलाइन हा शब्द स्वतःच एक मॅक्रो आहे आणि त्यात नोट्रेस अंतर्भूत आहे. कम्पायलरने एखादे इनलाइन फंक्शन आत विरघळवले काय किंवा बाहेर वेगळे ठेवले काय, एफट्रेसच्या दृष्टीने फरक पडू नये, हा त्यामागचा हेतू आहे. परंतु बाहेर ठेवलेली प्रत साध्या टेक्स्ट सेक्शनमध्ये (सूचना ठेवण्याच्या नेहमीच्या विभागात) जाते आणि तेथे केप्रोब बसू शकते. केएसॅन चालू केल्यावर फंक्शन्सचा आकार वाढतो आणि कालपर्यंत विरघळणारे फंक्शन आज वेगळे पडते. ज्याची जागा महत्त्वाची आहे त्यावर ऑलवेज_इनलाइन लिहावे, नुसत्या इनलाइनवर विसंबू नये.

आता केप्रोब. नोट्रेस केलेल्या फंक्शनवर ट्रेसएफएसच्या (ट्रेसिंगचे नियंत्रण करणाऱ्या फाइलींच्या) केप्रोब_इव्हेंट्समधून प्रोब लावणे नेहमीच्या रचनेत नाकारले जाते, पण मॉड्यूलमधून थेट नोंदवलेल्या केप्रोबला ती आडकाठी नाही. त्याच्यासाठी नोकेप्रोब_सिम्बॉल हा मॅक्रो आहे. तो २०१४ मध्ये ३.१६ आवृत्तीत आला, आणि फंक्शनच्या व्याख्येनंतर स्वतंत्र ओळीवर, कंसात फंक्शनचे नाव देऊन लिहावयाचा असतो. त्यामुळे फंक्शनचा पत्ता एका निषिद्ध यादीत जातो. त्याआधी अशी फंक्शन्स वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवीत. जुन्या ड्रायव्हरांत ती रीत अजून दिसते. या मॅक्रोची मर्यादा अशी की तो पत्त्यावर काम करतो, म्हणून फंक्शनचा मजकूर दुसऱ्या फंक्शनात विरघळला तर तेथील प्रतीला संरक्षण मिळत नाही. लहान मदतनीस फंक्शन्ससाठी नोकेप्रोब_इनलाइन याच कारणाने दिलेले आहे. ते त्यांना सक्तीने बोलावणाऱ्याच्या आत घेते आणि बोलावणाऱ्याची खूण दोघांना पुरते.

एखाद्या फाइलमधील झाडून सारी फंक्शन्स एफट्रेसपासून दूर ठेवायची असतील तर प्रत्येकावर खूण करण्यापेक्षा मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) त्या फाइलसाठी सीफ्लॅग्ज_रिमूव्हची ओळ लिहून सीसी_फ्लॅग्ज_एफट्रेस काढून टाकावे. केएसॅन, केकोव्ह इत्यादींसाठी प्रत्येकाची वेगळी ओळ लागते. व्हीडीएसओ आणि आरंभीच्या बूटची फाइल यांना हे योग्य आहे. एका फंक्शनासाठी चाळीस फंक्शन्सची फाइल झाकणे मला कधीच पटलेले नाही.

नोइन्स्ट्र

२०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.८ आवृत्तीने नोइन्स्ट्र ही खूण आणली. थॉमस ग्लाइक्सनर आणि पीटर झिल्स्ट्रा यांनी एक्स८६ च्या प्रवेशमार्गाची नव्याने मांडणी केली, तिचाच हा भाग होता. या एका शब्दात नोट्रेस येते, नोइनलाइन येते, केएसॅनसारख्या तपासण्यांची बंदी येते आणि फंक्शन नोइन्स्ट्र टेक्स्ट नावाच्या वेगळ्या सेक्शनमध्ये जाते. तो सगळा सेक्शन केप्रोबला निषिद्ध आहे. नोइनलाइन त्यात का असावे हे लक्षात घेण्याजोगे आहे. फंक्शन दुसऱ्यात विरघळले तर ते सेक्शन सोडून बाहेर जाईल आणि सारे संरक्षण गळून पडेल.

या खुणेचा खरा लाभ तिच्या सोबत येणाऱ्या तपासणीत आहे. एक्स८६ वर डीबग_एंट्री आणि नोइन्स्ट्र_व्हॅलिडेशन हे पर्याय चालू करून कर्नल बांधला की ऑब्जटूल हे साधन नोइन्स्ट्र सेक्शनमधून बाहेर पडणारा प्रत्येक कॉल शोधते आणि अमुक फंक्शनमधील अमुक ठिकाणचा तमुक कॉल नोइन्स्ट्र सेक्शन सोडून जातो, असा इशारा देते. हे इशारे एकेक करून वाचावेत. काही कॉल आपण लिहिलेलेच नसतात: दोन स्ट्रक्चर एकमेकांना दिली की कम्पायलर मेमसीपीवाय हे मेमरीची नक्कल करणारे फंक्शन बोलावतो. अॅटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या) क्रियांची नेहमीची रूपे तपासण्यांचे कॉल घालतात, म्हणून त्यांची कच्ची रूपे वापरावी लागतात. फंक्शन पॉइंटरमधून केलेला कॉल कुठे जाईल हे ऑब्जटूलला कळत नाही; तो बाहेर जाणाराच आहे असे ते धरून चालते आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. आर्म६४ वर ही तपासणी नाही. तेथे डिसअसेंब्ली, म्हणजे तयार झालेल्या मशीन-सूचनांचा मजकूर, स्वतः वाचावी लागते.

सांध्यावरून गाडी पुढे गेली की बंदी उठवता येते. त्यासाठी इन्स्ट्रुमेंटेशन_बिगिन आणि इन्स्ट्रुमेंटेशन_एंड या दोन खुणा आहेत. साधारण क्रम असा: नोइन्स्ट्र फंक्शन सुरू होते, प्रोसेसरची अवस्था जतन होते, आरसीयू जागे होते, मग बिगिन, मग नेहमीचे काम, मग एंड, आणि शेवटी परतीची पावले पुन्हा बंदीखाली. इंटरप्टचे हँडलर परिभाषित करणारे कर्नलचे मॅक्रो हे सर्व आपोआप करतात. आपण असेंब्लीतून नवा प्रवेशमार्ग काढत नसाल तर तेच वापरावेत. ऑब्जटूलचा इशारा बंद पडावा एवढ्यासाठी बिगिन आणि एंड घालणे मात्र खोटी सही करण्यासारखे आहे. तेथे ट्रेसिंग खरोखर चालू शकते असे त्या दोन खुणा पुढच्या वाचणाऱ्याला सांगतात, आणि तो त्यांवर विश्वास ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याहून येणारा एक नवा सहकारी मला म्हणाला, “सर, ड्रायव्हरमधलं सगळंच नोइन्स्ट्र करून टाकलं तर काळजीच मिटली ना?” मी त्याला त्याच्याच इंटरप्ट हँडलरवर ती खूण करायला लावली आणि मग तोच हँडलर किती वेळ घेतो हे मोजायला सांगितले. त्याला मोजता येईना. एफट्रेसच्या यादीत नाव नव्हते, केप्रोब लागत नव्हते, बीपीएफचा एफएंट्री प्रोग्राम जोडला जात नव्हता. सेवेत असलेल्या कर्नलमध्ये त्या फंक्शनात दोष निघाला असता तर लाइव्हपॅचनेही तो दुरुस्त करता आला नसता. प्रत्येक खुणेची ही किंमत असते आणि ती रात्री दोन वाजता दोष शोधणाऱ्याला मोजावी लागते. साध्या ड्रायव्हरचा इंटरप्ट हँडलर सांध्यावर नसतो. त्याला कोणतीही खूण नको.

दोषी फंक्शन शोधणे

कर्नल अडकतो एवढेच ठाऊक आहे आणि कोणत्या फंक्शनमुळे ते ठाऊक नाही, अशा वेळी यादी अर्धी-अर्धी करीत जावे. ट्रेसएफएसमधील अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स या फाइलमध्ये ट्रेस होऊ शकणाऱ्या सर्व फंक्शन्सची नावे असतात. त्यातील पहिली अर्धी सेट_एफट्रेस_फिल्टरमध्ये लिहून ट्रेसर चालू करावा. कर्नल अडकला तर दोषी याच अर्ध्यात आहे. नाही अडकला तर दुसऱ्यात. यादीत ३०,००० नावे असली तरी पंधरा फेऱ्यांत एकच नाव उरते. हे काम सोपे करणारी एफट्रेस-बायसेक्ट नावाची स्क्रिप्ट कर्नलच्या स्क्रिप्ट्स डिरेक्टरीत ट्रेसिंगच्या खाली आहे. फेऱ्यांची नोंद दुसऱ्या संगणकावर ठेवावी, कारण अडकलेल्या बोर्डवरची फाइल लिहिली गेलीच असेल याची शाश्वती नसते. मी तर ती वहीत पेनाने लिहीत होतो. दोषी एकापेक्षा अधिक असू शकतात, म्हणून सापडलेले नाव सेट_एफट्रेस_नोट्रेसमध्ये टाकून पूर्ण यादीवर पुन्हा एकदा प्रयोग करावा. आमचे मदतनीस फंक्शन याच दुसऱ्या प्रयोगात उघडे पडले.

नव्या कर्नलमध्ये एफट्रेस पुनरावृत्ती स्वतः ओळखतो. चालू प्रोसेस, सॉफ्ट इंटरप्ट, इंटरप्ट आणि एनएमआय या प्रत्येक पातळीसाठी तो वेगळी नोंद ठेवतो. त्यामुळे पूर्वी जेथे बोर्ड थिजे तेथे आता ट्रेसिंग केवळ मंदावते आणि दोष नजरेतून सुटतो. ५.११ पासून एफट्रेस_रेकॉर्ड_रिकर्शन हा पर्याय चालू केल्यास अशा फंक्शन्सची नावे रिकर्स्ड_फंक्शन्स या फाइलमध्ये मिळतात. ती फाइल रिकामी नसेल तर नोट्रेसची एखादी जागा राहून गेली आहे असे समजून तपास करावा.

खूण लागली याची खात्री

खूण केल्यावर कर्नल बांधून आभासी यंत्रात चालवावा आणि चार ठिकाणी पाहावे. अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्समध्ये ते नाव नसावे. डीबगएफएसखालील केप्रोब्सच्या डिरेक्टरीत ब्लॅकलिस्ट नावाची फाइल असते. नोकेप्रोब किंवा नोइन्स्ट्र केले असल्यास तेथे पत्त्यांसह नाव असावे. त्या नावावर केप्रोब नोंदवण्याचा प्रयत्न करावा. वजा २२, म्हणजे अवैध आर्ग्युमेंटची त्रुटी, परत आली पाहिजे. आणि सिस्टम_मॅपमध्ये (कर्नलमधील नावे व पत्ते यांच्या यादीत) ते नाव एकाहून अधिक वेळा, मागे बिंदू लावून पार्ट किंवा कॉन्स्टप्रॉप अशी शेपटी घेऊन येते का हे पाहावे, कारण कम्पायलर फंक्शनचे तुकडे करून वेगळ्या नावांनी ठेवतो आणि त्या तुकड्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यानंतर ताण द्यावा. एकीकडे डिस्क आणि नेटवर्कवर भार चालू ठेवून दुसरीकडे ग्राफ ट्रेसर शे-दोनशे वेळा चालू-बंद करावा. बूटच्या ओळीत एफट्रेस बरोबर फंक्शन_ग्राफ लिहून एकदा आरंभापासूनच ट्रेसिंग चालू ठेवून पाहावे. आरंभीच्या फंक्शन्समधील दोष तेथेच कळतात. कर्नलसोबत येणाऱ्या सेल्फटेस्टमधील एफट्रेसचा संच चालवावा. लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारे साधन) आणि आरसीयूच्या तपासण्या चालू असलेली एक बांधणी आणि केएसॅन चालू असलेली दुसरी बांधणी ठेवावी. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कम्पायलरांनी बांधता आले तर उत्तम, कारण कोणते फंक्शन विरघळवायचे याबाबत दोघांचे निर्णय जुळत नाहीत आणि एकाने लपवलेला इशारा दुसरा देतो.

येथवरचा सारा बंदोबस्त अपघातापासूनचा आहे. रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार हाती असलेल्या माणसाने ट्रेसिंगच करू नये असा हेतू असेल तर तो प्रश्न निराळा. त्यासाठी २०१९ च्या ५.४ पासून कर्नलमध्ये लॉकडाउनची व्यवस्था आहे आणि तिची कॉन्फिडेन्शिअॅलिटी पातळी केप्रोब व ट्रेसएफएस दोन्ही बंद करते. नोट्रेस लिहून गुप्तता राखता येत नाही.

प्रत्येक खुणेशेजारी एक ओळीची टीप लिहावी: कोणता हँडलर येथे परत येतो, किंवा कोणते रजिस्टर येथवर वाचलेले नसते. कारण न लिहिलेली खूण पुढचा माणूस एकतर घाबरून तशीच ठेवतो किंवा निष्काळजीपणे पुसतो. आम्ही आता खूण केलेल्या फंक्शन्सच्या नावांची एक साधी मजकूर-फाइल ड्रायव्हरसोबतच ठेवतो आणि कर्नलची किंवा कम्पायलरची आवृत्ती बदलली की वर सांगितलेल्या दोन याद्या काढून तिच्याशी पडताळतो. मागील खेपेस कम्पायलर बदलल्यावर एक ऑलवेज_इनलाइन नसलेले मदतनीस फंक्शन असेच बाहेर पडलेले आढळले. बोर्ड अजून महाप्याच्या टेबलावरच होता, त्यामुळे एका शब्दाची भर घालून काम भागले.